आक्कांच्या सुपातले खडे

आक्का गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या ओठावर मिशी होती. माझी नव्हे, मेळ्याची. गणपती तोंडावर आले होते, गिरगावात आमच्या चाळीच्या गच्चीवर तालीम चालू होती, आणि सरदाराचं काम गेली बारा वर्षं माझ्याचकडे असल्यामुळे नव्या डिंकाने मिशी नीट बसते की नाही ते मी आरशात पाहत होतो. आरशातच मला मागे चंद्रा दिसली. आक्कांकडे रोज येणारी परळची चंद्रा कधी गिरगावात येत नसे. तिने मिशीकडे पाहिलं, पण तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "फारमवाले," ती म्हणाली, "आक्का गेल्या. पोरांची पेज ढवळताना जरा बसते म्हणाल्या... त्या बसल्याच."

मी तसाच निघालो. ट्राममध्ये लोक माझ्याकडे का बघतात ते मला कळेना, परळला उतरलो तरी कळेना. बायका रडत होत्या, त्यांतल्या कोणीच काही म्हटलं नाही. स्मशानातून परतताना नळावर तोंड धुतलं तेव्हा मिशी हातात आली. आयुष्यात इतक्या गंभीरपणे मी कोणतीच भूमिका केली नव्हती. आणि पहिला विचार आला तो हा, की आता हे आक्कांना सांगायला हवं.

आक्का म्हणजे परळच्या एका चाळीतल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांच्या मालकीणबाई. मालकीण म्हणजे कागदोपत्री नव्हे. खोल्या होत्या आमच्या गिरगावच्या ट्रस्टच्या, जिथे मी कारकून आहे. दारावर पाटी होती 'शेजारघर' अशी, पण ती कोणी वाचत नसे. सगळे 'आक्कांकडे' म्हणत. आतल्या खोलीत गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या पोरांचं पाळणाघर. तुळयांना लुगड्यांच्या नऊ झोळ्या, आणि कोणती झोळी रडते आहे ते आक्का पाठमोऱ्या असताना सांगत. बाहेरच्या खोलीत शिवणाचं यंत्र, तान्ह्या बाळांचं वजन करायचा काटा, गावची पत्रं वाचून दाखवायचा एक बाक, आणि चूल. दुपारी तीस-चाळीस पोरांना भात किंवा पेज मिळायची. आक्का स्वतः वेंगुर्ल्याकडच्या. वीस वर्षं वाइंडिंग खात्यात काढली, मग गिरणीने खात्यातल्या बायका कमी केल्या तेव्हा त्याही घरी बसल्या. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. घरी बसल्या त्या या दोन खोल्यांत येऊन बसल्या.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो शत्रू म्हणून. चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. मुंबई कोणाची याचा निकाल तेव्हा रस्त्यावर चालला होता. चाळीच्या भिंतींवर खडूने महाराष्ट्राचे नकाशे, त्यात मुंबई भल्यामोठ्या टिंबाने काढलेली. रोज मोर्चा, रोज कोणाच्या तरी घरातला माणूस आत. आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष, त्यांना आपण रावसाहेब म्हणू, जुन्या मुंबईकर घराण्यातले, शिस्तीचे. मुंबई वेगळीच राहावी या मताचे. त्यांना परळच्या खोल्यांबद्दल शंका होती. तिथे नेमकं काय चालतं? मदत कोणाला होते? का होते? उत्तर म्हणून एक छापील फॉर्म तयार झाला. घरात माणसं किती, कर्ता कोण, व्यसन आहे काय, आजार आहे काय, तुरुंगात कोणी आहे काय, अशी सव्वीस कलमं. तीन महिन्यांत प्रत्येक कुटुंबाचा फॉर्म भरून आला तर ठीक, नाहीतर खोल्या बंद. आणि फॉर्मांचा गठ्ठा घेऊन कोणाला पाठवायचं, तर मला. ऑफिसात बोलायला सगळ्यांत चलाख म्हणून.

मी गेलो, खाकरलो, आणि ओळख करून देणार एवढ्यात आक्कांनी माझ्या हातात तांदळाचं सूप दिलं. "बसा. खडे निवडा. बोलणं मागसून."

"मी ट्रस्टकडून—"

"तांदूळ पण ट्रस्टचेच हत. निवडा."

निवडू लागलो. तो तांदूळ म्हणजे रेशनच्या दुकानातला, त्यात तांदूळ किती आणि डोंगर किती याचा अंदाज येईना. आक्का शेजारी दुसरं सूप घेऊन बसल्या होत्या. माझ्याकडे पाहत नव्हत्या, काही विचारत नव्हत्या. खडा वाटीत पडल्याचा टिक एवढाच आवाज. एक खडा मला आवडला. तांबूस, तांदळाहून जरासा मोठा, आणि मधोमध आडवी पांढरी रेघ, कोणी मुद्दाम ओढल्यासारखी. तोही वाटीत टाकला. आणि मग... हे मला आजही नीट समजलेलं नाही, पण मी माझ्याच तोंडून ऐकलं की मी आक्कांना फोर्टातल्या गोळीबाराची हकीकत सांगतो आहे.

ही हकीकत गिरगावात गाजलेली होती. मोर्च्यात मी पुढे होतो, गोळी कानाजवळून गेली, पडलेल्या एका माणसाला मी खांद्यावर घेतलं. सुरुवातीला गोळी एक होती, चारपाच वेळा सांगितल्यावर तिच्या तीन झाल्या होत्या. सुपावर मान घालून मी जी सांगितली ती वेगळीच निघाली. पहिला आवाज झाला तसा मी पळालो. एका कागदवाल्याच्या दुकानात शिरलो आणि रिमांच्या मागे दोन तास उकिडवा बसून राहिलो. बाहेर कोणीतरी 'पाणी' म्हणत होतं. मी उठलो नाही. हे मी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. माझी मलाच इतकी लाज वाटली की वर बघवेना. आणि गंमत अशी, की वर बघायची गरजच नव्हती. हातात सूप होतं.

बऱ्याच वेळाने आक्का म्हणाल्या, "चप्पल राहिली पायात?"

"एकच."

"मग अर्धेच पळालात." आणि सूप पाखडत उठल्या.

गिरगावातल्या ज्या मंडळींनी ती तीन गोळ्यांची हकीकत ऐकली आहे, त्यांनी आता कृपया दुरुस्त करून घ्यावी. आक्कांनी ती कधी कोणाला सांगितली नाही, त्यामुळे हे काम माझ्यावर आलं.

त्यानंतर मी महिनाभर तिथे जात राहिलो आणि फॉर्म काही भरेनात. मी पेन उघडलं की बायकांची तोंडं मिटत. "कर्ता कोण?" "हाये की." "कोण?" "असता खंय तरी." पोरंसुद्धा मला 'फारमवाले' म्हणून चिडवू लागली आणि तेच नाव राहिलं. पण त्याच बायका सूप घेऊन आक्कांच्या शेजारी बसल्या की सव्वीस कलमं आपोआप बाहेर येत, आणि छापायला कोणाला सुचली नसती अशी आणखी वीस. कोणाचा नवरा कामावरून सुटून नाक्यावर रोजंदारीला उभा राहतो आणि घरून अजून डबा घेऊन गिरणीत जातो म्हणून निघतो; कोणाच्या मुलीला शाळेत कमी ऐकू येतं आणि मास्तर ठोंब्या म्हणतो. आक्का फार काही बोलत नसत. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडे कोणीतरी निघालेलं असे एवढंच. "आक्का, हे लिहून द्या ना मला," मी एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, "माज्या सुपात पडलेला तुमच्या कागदावर कसा घालू? त्यांनी तुमका सांगलंनी काय?"

कामात अपयश आलं की मला भाषण करावंसं वाटतं. तेव्हा मूठभर खडे घेऊन मी कोपऱ्यावरच्या रेशनच्या दुकानात गेलो आणि रांगेपुढे उभं राहून दुकानदाराचे वाभाडे काढले. पोरांच्या दातांपासून सुरुवात केली आणि माणुसकीपर्यंत आलो. रांग खूश झाली. दुकानदार पांढरा पडला. मी विजयी होऊन परत आलो तर आक्का माझ्यावर रागावलेल्या. "भाषणाची काय गरज होती? खडे काय तुमच्या घशात अडकले हुते?" मला कळेना. मी पोरांचं भलं केलं होतं. आणि त्याहून न कळण्यासारखी गोष्ट पुढे झाली. खडे कमी झालेच नाहीत. पंधरा दिवसांनी मी पुन्हा दुकानात गेलो. या वेळी दुकानदाराने देवाची शपथ घेतली. "साहेब, तुमच्या केंद्राची गोण मी स्वतः दोनदा चाळून देतो. गिऱ्हाईक हसतात मला." मी म्हटलं, नाटक मला शिकवू नका. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

तीन महिने संपत आले. गठ्ठा कोराच. खोल्या जाणार, झोळ्या उतरणार, पोरं पुन्हा आजारी आजीच्या नाहीतर सहा वर्षांच्या बहिणीच्या गळ्यात, किंवा आईची नोकरी जाणार. हे मला तोवर चांगलं दिसू लागलं होतं. मग मी ते केलं जे माझ्यासारखा मनुष्यच करील. एका रविवारी दुपारी घरी बसून सगळे फॉर्म मनाने भरून टाकले. आणि मेळ्यांसाठी प्रवेश लिहायची सवय असल्यामुळे ते नुसते भरले नाहीत, रंगवले. चाळीस कुटुंबांत अकरा विधवा, सात क्षयरोगी, एक जळीत, दोन जुळी. चंद्राला मी विधवा केलं, कारण तिचा चेहरा त्या कामाला चांगला होता. तिचा नवरा खराखुरा सत्याग्रह करून ठाण्याच्या तुरुंगात होता, पण रावसाहेबांना तुरुंग आवडत नाही असं ऐकलं होतं. म्हणून त्याला गिरणीतल्या साच्यात ओढून मारला.

फॉर्मांचा परिणाम फारच चांगला झाला. रावसाहेब वाचता वाचता थांबले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "या लोकांना मला भेटलंच पाहिजे. गुरुवारी येतो."

मी परळला धावलो आणि सगळं कबूल केलं. बायका गोळा झाल्या. आक्का शांतपणे झोळी हलवत होत्या.

"माजा काय लिवलंत?"

"एका डोळ्याने अधू."

"खंयचो?"

"डावा."

आक्कांनी डावा डोळा मिटून खोलीभर नजर फिरवली. "बरा दिसता," त्या म्हणाल्या. बायका हसू लागल्या, म्हणून मला धीर आला आणि मी माझी योजना मांडली. तीन दिवस आहेत, मी तालीम घेतो, प्रत्येकीने आपापला फॉर्म पाठ करायचा. तेवढ्यात चंद्रा पुढे आली. "माज्या घोवाला मारलंत तुमी?" ती हळूच म्हणाली. "मी दर मंगळवारी चिवडा घेऊन ठाण्याला जाते, ती काय भुताला?" कोणीच हसलं नाही. आक्का उठल्या. "तालीम नको," त्या म्हणाल्या. "येऊ देत त्यांना. तांदूळ हत."

गुरुवारी रावसाहेब आले. लांब कोट, टोपी, काठी, हातात फॉर्मांचा गठ्ठा. वरचाच फॉर्म चंद्राचा. त्यांनी नाव वाचलं आणि अतिशय मायेने म्हणाले, "बाई, तुमच्या यजमानांचं ऐकून फार वाईट वाटलं."

"मला नाय वाटत," चंद्रा म्हणाली. "ते धडधाकट आहेत. ठाण्याला आहेत, मुंबईसाठी गेलेत. ह्या फारमवाल्यांनी मारलं त्यांना."

रावसाहेबांनी दुसरा फॉर्म काढला, तिसरा काढला, मग माझ्याकडे पाहिलं. तसं माझ्याकडे कोणी पाहिलेलं नाही, रंगभूमीवरसुद्धा. "खोल्या या महिनाअखेर रिकाम्या होतील," ते म्हणाले, आणि काठी उचलली.

"रिकाम्या होतील तेव्हा होतील," आक्का म्हणाल्या. "पोरांचा भात तर आज शिजायचा आहे. बसा." आणि रावसाहेबांच्या हातात सूप दिलं.

आता, ज्या माणसाला जन्मात कोणी 'बसा' असं सांगितलं नव्हतं, ज्याला लोक 'बसावं' म्हणत, तो पाटावर बसला. का बसला? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, हातात भरलेलं सूप आलं की माणसाला ते टाकता येत नाही, आणि उभ्याने धरताही येत नाही. रावसाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. निवडण्याचा हात अगदी सराईत निघाला. लहानपणी आईजवळ बसले असणार. खोलीत टिक, टिक एवढाच आवाज. मी भिंतीला टेकून उभा. एकदा त्यांनी एक खडा चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि मी भिंत सोडून पुढे वाकलो. तांबूस. मधोमध पांढरी रेघ. तोच. हा खडा मी तीन महिन्यांपूर्वी स्वतः वाटीत टाकला होता. दुकानदार टाकलेले खडे परत आणून गोणीत घालतो की काय?

मी या कोड्यात असताना रावसाहेब बोलू लागले. सुपाशी बोलावं तसे. "माझा धाकटासुद्धा आत आहे," ते म्हणाले. "पाच आठवडे झाले. सत्याग्रहाला गेला... माझ्याच घरातून. मी घरात सांगून ठेवलंय, त्याचं नाव काढायचं नाही. त्याची आई जेवताना एक ताट जास्त वाढते आणि मग उचलते. मी बघत नाही असं दाखवतो."

टिक.

चंद्राने आपल्या सुपातून मान वर न करता विचारलं, "ठाण्याला?"

"असेल. विचारलं नाही."

"आमी मंगळवारी जाणार. काय द्यायचं असेल तर द्या. आमचे शोधून देतील हातात."

रावसाहेबांनी आणखी एक खडा वाटीत टाकला. मग म्हणाले, "त्याला चष्म्याशिवाय काही दिसत नाही. जाताना टेबलावरच राहिला."

सूप निवडून झालं. त्यांनी ते पाखडून बघितलं, आक्कांच्या हातात दिलं, टोपी घातली आणि निघून गेले. सोमवारी त्यांचा गाडीवान एक चष्म्याचं घर देऊन गेला. सोबत ना चिठ्ठी ना निरोप. मंगळवारी ते चिवड्याच्या पुडीबरोबर ठाण्याला गेलं. खोल्यांचा विषय त्यानंतर निघाला नाही. फॉर्म माझ्या टेबलाच्या खालच्या खणात अजून आहेत, अकरा विधवा आणि सात क्षयरोगी सुखरूप. आणि रावसाहेब दर दोनतीन महिन्यांनी गुरुवारी परळला येत. पाहणीसाठी, असं ऑफिसात सांगत. त्यांचा मुलगा सुटून आला, पुढे राज्यही झालं, तरी पाहणी चालूच राहिली.

त्या खड्याबद्दल मी आक्कांना अनेकदा छेडलं. "तांदळात खडे असतातच हो, फारमवाले," एवढंच त्या म्हणत. राज्य झालं त्या मे महिन्यात सगळ्या परळवर दिव्यांच्या माळा लागल्या, लोक रस्त्यावर नाचले. दुसऱ्या सकाळी मी पेढे घेऊन गेलो तर आक्का खाली बसून तांदूळ निवडत होत्या. पेढा घेतला, अर्धा मला दिला. "झाला एकदाचा," त्या म्हणाल्या. "आता कोण कशाला पळायचं नाय." मी वर पाहिलं. त्या सुपाकडेच पाहत होत्या.

त्या जाऊन दिवसपाणी झालं, गणपती येऊन गेले, सरदाराचं काम या वर्षी दुसऱ्याने केलं. मागच्या आठवड्यात ट्रस्टने मला परळला पाठवलं. केंद्र पुढे कोण चालवणार, याचा अहवाल द्यायचा होता. गेलो तर चूल पेटलेली, नऊ झोळ्या भरलेल्या, आणि आक्कांच्या पाटावर चंद्रा. अहवाल झाला. तिने मला फळीवरचं आक्कांचं सामान उतरवायला सांगितलं. दोन लुगडी, पितळेचा तांब्या, आणि मागे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. जड होता. उघडला. आत खडे. स्वच्छ धुतलेले, वाळवलेले, सुपाला पुरतील असे तांदळाएवढेच. मोठे बाजूला काढलेले. आणि मधे तो, पांढऱ्या रेघेचा.

मी डबा हातात घेऊन उभा राहिलो असेन बराच वेळ, कारण चंद्रा म्हणाली, "काय झालं?"

"चंद्रा, हे... आक्का हे तांदळात घालत होत्या?"

"मग? तुमच्या भाषणाचा गुण. त्या दुकानदाराने भिऊन चाळून तांदूळ द्यायला सुरुवात केली. सूप दोन मिनटात निवडून होई, बाई उठून जाई, पोटातलं पोटातच. आक्का चार दिवस हैराण. मग म्हणाल्या, मागच्या दारी टाकलेले जुने खडे वेचून आणा, धुऊन ठेवा."

"तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना ठाऊक होतं. धुवायची पाळी लावलेली आमची." ती थोडी हसली. "तुमी आणि तो दुकानदार सोडून."

म्हणजे चार वर्षं तो बिचारा माझ्या भीतीने दोनदा चाळत होता, आणि इथे चार वर्षं बायका खडे धूत होत्या. मी तसाच कोपऱ्यावर गेलो. दुकानदार मला पाहून सवयीने गोणीकडे धावला. मी हात जोडले आणि पहिल्यांदाच भाषण न करता माफी मागितली. का मागतो ते सांगितलं नाही. ते आक्कांच्या सुपातलं होतं.

परत आलो तेव्हा चंद्राने एका सुपात स्वच्छ तांदूळ घेतला, माझ्यासमोर डब्यातले मूठभर खडे त्यात टाकले, हाताने कालवले, आणि सूप माझ्या मांडीवर ठेवलं. मी म्हटलं, "अगं, आता मला माहीत आहे."

"आमाला पण माहीत होतं," ती म्हणाली. "बसा."

आणि मी बसलो. पहिला खडा वाटीत पडला, आणि मी तिला सांगू लागलो, की ती आली तेव्हा माझ्या ओठावर मिशी होती, ट्राममध्ये लोक का बघतात ते मला कळलं नव्हतं, नळावर ती हातात आली तेव्हा हे आक्कांना सांगायला हवं असं वाटलं... वर लिहिलं आहे ते बहुतेक सगळं त्या एका सुपातलं. चंद्रा आपल्या सुपात निवडत होती. एकदाही तिने वर पाहिलं नाही. शेवटी तळाशी तो सापडला, तांबूस, पांढऱ्या रेघेचा. मी चिमटीत धरला. आठवण म्हणून एवढा एक... असा विचार करून मी हात हळूच कोटाच्या खिशाकडे नेला.

"फारमवाले," चंद्रा मान खाली घालूनच म्हणाली, "तो डब्यात. गुरुवारी रावसाहेब यायचे आहेत."

मी तो डब्यात टाकला.